दोन खुणांच्या मध्ये

मये गावात सपाट जागा मागू नये.
चिऱ्याच्या पायऱ्या, पायऱ्यांवर घर, घराखाली माड,
माडांखाली तळं;
सगळं एकमेकांच्या खांद्यावर उभं.
माझी मोटारसायकलही तशीच,
साइड स्टँडवर, डाव्या कुशीला कललेली.

ती कललेली असतानाच दर रविवारी
तिच्या उजव्या अंगातून मी सळई काढायचे.
टोकाला ऑइल जेमतेम, लागलं न लागलंसं.
मग ओतायचे, घोटभर.
पुढच्या रविवारी पुन्हा टोक कोरडं, पुन्हा घोटभर.
आई म्हणाली, एवढं तर तुझा बापही पीत नव्हता.

मी पिग्मीची एजंट.
मये ते चोडण, चोडणहून फेरीने रायबंदर.
कुणाचे रोजचे शंभर, कुणाचे पन्नास,
भज्यांच्या गाड्यावरच्या फोंडूबाबचे वीस, पण न चुकता.
लोकांचा पैसा न् पैसा जुळवणारी मी
घरच्या गाडीला मात्र डोळ्यांच्या अंदाजाने पाजत होते.

जानेवारीत चढणीवर तिने निळा धूर सोडला.
मागच्या स्कूटरवाल्याने नाक धरलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मीच विडी ओढत होते.

पिळगावच्या वाटेवर कायतान मेस्ताचं गॅरेज,
म्हणजे काजूखाली एक पत्रा
आणि सिमेंटचा एक चौकोन.
त्या चौकोनावर त्याने घागरभर पाणी ओतून पाहिलं होतं,
ते कुठल्याच बाजूला धावेना
तेव्हाच गवंड्याचे पैसे दिले.

"कसं बघतेस ऑइल? दाखव."
दाखवलं.
तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला.
"बाय गो, वाकडी उभी करून विचारतेस,
ऑइल सगळं पळालं डावीकडे,
सळई तुझी उजवीकडे. ती बिचारी काय सांगणार?"

सेंटर स्टँडवर घे, म्हणाला. घेतली,
दुसऱ्या झटक्याला, दात आवळून.
चालू कर. मूठ पिळू नको, तीन मिनिटं नुसती चालू दे.
आता बंद कर. आता थांब.
किती?
"थांब म्हटलं ना. वर गेलेलं अजून उतरतंय."
तेवढ्यात त्याने एक उंडो चहात बुडवून संपवला.

मग सळई काढली, त्याच्या जुन्या बनियनला पुसली.
आता घाल, पण आटे फिरवू नको,
नुसती टेकव, आणि काढ.
"माझा पुतण्या फिरवतो आटे,
सळई खोल जाते, त्याला गाडी कायम भरलेलीच दिसते.
तुम्हा दोघांना एका गाडीवर ठेवलं असतं
तर चुकीत चूक मिळून हिशेब बरोबर आला असता."

सळईवर दोन खुणा. मी खालचीच शोधत आले होते.
ऑइल वरच्या खुणेच्याही वर, बोटभर,
चकचकीत, काळं.
त्याने खालचा बोल्ट सैल केला.
माझे सगळे रविवार
बारीक धारेने एका रंगाच्या डब्यात उतरले.

निघताना मी हुशारी केली:
मेस्त, फेरीवर बघितलं तर? इंजिन बंदच असतं,
खाली पाणी सपाट.
"नदी सपाट गो. फेरी नव्हे.
एक टेम्पो चढला की कळेल तुला."

इतकी वर्षं फोंडूबाबच्या गाड्यासमोर
मी एक पाय जमिनीवर टेकून,
इंजिन चालू ठेवून विचारायचे, काय, बरंय?
तो म्हणायचा, बरंय. वीसची नोट. सही. गेले.

परवा गाडी सेंटर स्टँडवर घेतली.
चावी काढली.
कढईखाली जाळ नव्हता. पीठही कालवलेलं दिसेना.
फोंडूबाबने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे,
मग खांद्यावरच्या फडक्याने स्टूल पुसून
पुढे सरकवलं.

वही मी अजून उघडली नव्हती.